तळे राखणारा आणि पाणी चाखणारा

भंडाऱ्याच्या बाजारात सकाळच्या प्रहरी मासळीच्या ओट्यापाशी घटकाभर उभे राहिले, म्हणजे थर्माकोलच्या पेट्या फुटताना आणि बर्फाच्या चुऱ्याखालून रोहू, कटला असे लठ्ठ मासे बाहेर निघताना दिसतात. यांतले पुष्कळसे आंध्र प्रदेशातल्या मत्स्यतळ्यांतून ट्रकने आलेले असतात. ज्या जिल्ह्याची ओळख शाळेच्या भूगोलात तलावांचा जिल्हा म्हणून करून दिली जाते, त्याने आपल्या जेवणाचा मासा दुसऱ्या राज्याच्या तळ्यांतून मागवावा, ही गोष्ट मला दर वेळी नव्याने खटकते. गावचा मासा कोठे गेला, असे तेथे उभ्या असलेल्या कोणासही विचारावे, उत्तर तयार असते. ढिवरांनी जाळ्याची आस बारीक केली, पिल्लूदेखील सोडले नाही, तलाव खरवडून नेला. हे उत्तर देणारा गृहस्थ बहुधा हातात पिशवी घेऊन त्याच ओट्यापुढे उभा असतो, हा भाग वेगळा.

हेच उत्तर जरा मोठ्या दरबारात, मोठ्या शब्दांत दिले जाते. सागरातील मत्स्यसंपत्ती आटत चालली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाप्रमाणे ज्या साठ्यांची तपासणी झाली, त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक साठ्यांवर त्यांच्या शक्तीपलीकडे मासेमारी होत आहे. आणि मग तेथेही पिशवी हातात घेतलेले लोक परस्परांकडे बोट दाखवितात. कोणी चीनचे नाव घेतो, कोणी जपानचे, कोणी स्पेनचे. कोणी एकंदर पकड मोजतो, कोणी दरडोई भक्षण मोजतो, आणि प्रत्येकाच्या मोजपट्टीने आरोपी दुसराच ठरतो. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या वैनगंगेच्या खोऱ्यात बसून या वादात तोंड घालण्याचा अधिकार मला नाही, असे कोणी म्हणेल. तथापि समुद्राचे प्रकरण अफाट असून त्याची कागदपत्रे विखुरलेली आहेत, आणि तलावाचे प्रकरण लहान असून त्याचे दप्तर अद्याप शाबूत आहे. तेव्हा दोषारोपाचा न्याय कसा होतो आणि कसा चुकतो, हे पाहण्यास लहान प्रकरणच सोयीचे पडते.

वैनगंगा, बावनथडी, सूर, चुलबंद या नद्यांच्या मुलखात वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतांशी चार महिन्यांत पडून वाहून जातो; आणि धानाच्या पिकाला तर आश्विनात, पाऊस मागे फिरल्यावर, लोंबी भरण्याच्या ऐन वेळी पाणी लागते. या एका अडचणीतून येथील तलाव जन्मास आले. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजातील कर्त्या पुरुषांनी टेकड्यांच्या मधल्या खिंडी मातीच्या पाळीने अडवून जे जलाशय निर्माण केले, त्यांची वाखाणणी इंग्रज अधिकाऱ्यांनीही केली. मध्यप्रांतातील जातीजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात वैनगंगेच्या खोऱ्यातील थोर तलावांचे निर्माते म्हणूनच कोहळ्यांची ओळख करून दिलेली आहे. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना या लोकांच्या पूर्वजांना बरोबर आणले, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पाण्याची विद्या घेऊन लोक तीर्थावरून आले ही कल्पना मोठी रम्य आहे. पोवारांनीही तलाव बांधले. नवेगावबांधचा विशाल जलाशय, ज्याचे नाव मारुती चितमपल्ली यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांच्या जिभेवर बसले, तो याच परंपरेतला. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत तोही भंडाऱ्याच्याच हद्दीत मोडत असे. पूर्व विदर्भात लहानमोठे मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत, आणि शेतकऱ्यांच्या खाजगी बोड्या त्यांत धरलेल्या नाहीत.

तलाव बांधला धानासाठी. मासा त्यात आपोआप आला. आषाढातल्या पहिल्या मोठ्या पुराबरोबर नदीनाल्यांतील मासे प्रवाहाविरुद्ध चढत सांडव्यांतून, नहरांतून, बांध्यांच्या धुऱ्यांवरून तलावात शिरत, उथळ पाण्यातल्या देवधानाच्या आणि पाणवनस्पतींच्या झुबक्यांत अंडी घालीत, आणि पिल्ले तेथेच वाढत. मरळ, मांगूर, वाम, दाडक, बोटरी, झिंगे अशी नाना जातींची मासळी कोणी न पेरता पिकत असे. तिचा जाणकार तो ढिवर. जाळे विणावे, शिंगाड्याचे वेल लावावेत, मोठ्या घरी पाणी भरावे, प्रसंगी मेणा उचलावा, अशी चार बाजूंनी जोडलेली त्याची उपजीविका असे. तलावाचा तळ कोठे खडकाळ, कोठे गाळाचा, कोणत्या नक्षत्रात कोणता मासा कोठे बसतो, हे त्याच्या घरातील बायकामुलांनाही ठाऊक. मात्र या सगळ्या ज्ञानाच्या जोडीला मालकी अशी त्याच्याकडे कधीच नव्हती. तळे राखी तो पाणी चाखी, अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि ती सरकारी कारभाऱ्यास उद्देशून डोळा मिचकावून वापरली जाते. भंडाऱ्यात मात्र राखणारा एक आणि चाखणारा निराळा, अशी स्थिती फार जुनी आहे.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५३ साली खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, आणि त्यानंतरच्या बंदोबस्तात सरकारने एक असे काम केले की त्याचे पडसाद अद्याप विरलेले नाहीत. भोसलेशाहीत जो मालगुजार होता तो मुख्यत्वे वसुलीचा मक्तेदार होता. नव्या बंदोबस्ताने त्याला गावाचा मालक करून टाकले. तलाव त्याचा झाला. रयतेच्या रूढ हक्कांकरिता निस्ताराची तरतूद ठेवण्यात आली, आणि गावोगावच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दाखल्यात नोंदवून घेतल्या गेल्या: कोणी कोणत्या नहरातून पाणी घ्यावे, गुरे कोठे पाजावीत, सरपण कोठून आणावे, मासळी कोणी धरावी. ही काही रामराज्याची व्यवस्था नव्हती. मोठा मासा वाड्यावर जाई, लहान ढिवराच्या हंडीत पडे. मालगुजार सज्जन असला तर तलावाची दुरुस्ती वेळेवर होई, नसला तर वेठीने होई. परंतु एक गोष्ट खरी की तलाव फुटला, आटला किंवा नासला, तर त्याचा जाब कोणास विचारावा हे गावातल्या पोरालाही ठाऊक असे. तो इसम वाड्यात बसलेला असे आणि त्याला नाव असे.

भारतातील गोड्या पाण्याच्या मासळीवर पहिले व्यवस्थित आरोपपत्र दाखल झाले ते १८७३ साली. फ्रान्सिस डे हे लष्करी डॉक्टर, पण मत्स्यशास्त्राचे थोर अभ्यासक. सरकारने त्यांना मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक नेमले आणि त्यांनी हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासळीवर एक विस्तृत अहवाल सादर केला. नद्यानाल्यांतील मासा कमी होत आहे, याचे मुख्य कारण त्यांनी दाखविले ते एतद्देशीय लोकांची बारीक जाळी, सापळे, आणि अंड्यावर आलेल्या माशांची व पिल्लांची सर्रास पकड. डे हे प्रामाणिक गृहस्थ होते. सिंचनासाठी नद्यांवर जे आडवे बांध पडत होते, त्यांनी माशांची वाट अडते, हेही त्यांच्या दृष्टीतून सुटले नव्हते. परंतु निरीक्षकाच्या निरीक्षणांतून सरकार आपल्या सोयीचे तेवढेच उचलते. १८९७ चा मत्स्यव्यवसाय अधिनियम आला, त्यात सुरुंग लावून वा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरला, ते योग्यच झाले. जाळ्यांचा प्रकार व आस, पाण्यात रोवलेले सापळे यांवर नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. आणि सिंचनाचे मोठे बांध मात्र त्याच काळात एकामागून एक उठत राहिले.

डे यांच्या अहवालानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८८३ साली, लंडनमध्ये मत्स्यव्यवसायाचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. तेथे टॉमस हक्सली या महापंडिताने असे प्रतिपादन केले की कॉड, हेरिंग, मॅकरेल यांसारखे समुद्रातील थोर मत्स्यव्यवसाय अक्षय आहेत. मनुष्याने काहीही केले तरी त्यांत लक्षणीय तूट येणे नाही. हक्सलीला न्याय द्यायचा तर त्याने नद्यांचा अपवाद केला होता आणि आपले विधान त्या वेळच्या मासेमारीच्या रीतींपुरतेच आहे, असा इशाराही दिला होता. पण ही दोन मते शेजारी ठेवून पाहावीत. हिंदुस्थानातल्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हातचे जाळे मत्स्यकुलाचा नाश करणारे ठरले, आणि वाफेच्या यंत्राच्या बळावर उत्तर समुद्र विंचरून काढू लागलेला जहाजांचा ताफा निरुपद्रवी ठरला; आणि दोन्ही निवाडे एकाच साम्राज्याच्या राजधानीत, एकाच पिढीत, सद्भावनेने मान्य झाले. दोषारोपात अन्याय घडण्यासाठी दुष्टपणाच लागतो असे नाही. आरोप करणाऱ्याला जे सहज दिसते तेच तो पाहतो, आणि गरिबाचे जाळे सगळ्यांना दिसते.

१९५० साली मध्य प्रदेश विधिमंडळाने मालकी हक्क संपुष्टात आणणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी बरखास्त झाली. गावातल्या पडीत जमिनी, झुडपी जंगले, रस्ते यांच्याबरोबर तलावही सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांचे नाव पडले माजी मालगुजारी तलाव. दप्तरातले लोक त्याचे संक्षिप्त रूप ‘मामा तलाव’ असे करतात. कोणाला ‘मामा बनविणे’ याचा मराठीत काय अर्थ होतो, हे त्या कारकुनाच्या लक्षात आले नसावे. की आले होते, कोण जाणे! पुढे १९५६ साली भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे सोपविले गेले. अकरा-बारा वर्षांत मालगुजार, मध्य प्रदेश, मुंबई, महाराष्ट्र, जिल्हा परिषद अशा पाच दरवाज्यांपुढे तलाव उभा राहिला, आणि पाळीला भगदाड पडले तर जाब विचारण्यासाठी आता वाडा उरला नाही.

या स्थित्यंतरात एक बारीक गोष्ट घडली. तिच्याकडे फारशा कोणाचे लक्ष गेलेले नाही, पण माझ्या मते सबंध प्रकरणाची किल्ली तीच आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत विदर्भासाठी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची कलमे राखून ठेवण्यात आली. त्यांपैकी १६५ व्या कलमात मासेमारीच्या रूढ हक्काची नोंद करण्यास स्पष्ट सांगितले आहे; मात्र ती नोंद अशा पाण्यापुरतीच, जे पाणी सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीचे, ताब्यातील अथवा व्यवस्थेतील नाही. आता पंधरा वर्षांपूर्वीच मालगुजाराचे तलाव सरकारजमा होऊन बसलेले! ज्या पाण्यात ढिवराची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट, ते पाणी या कलमाच्या व्याख्येतूनच निसटले; हक्क कागदावर सुरक्षित राहिला आणि तो बजावण्याची जागा तेवढी काढून घेतली गेली. त्याच्या जागी आला पट्टा. ढिवरांनी सहकारी संस्था काढाव्यात, सरकारदरबारी रक्कम भरावी, ठराविक मुदतीसाठी तलाव ठेक्याने घ्यावा. सहकाराचा हेतू चांगला होता आणि काही संस्थांनी माणसे जगविलीही, हे नाकारता येणार नाही. परंतु पूर्वजांची वहिवाट असलेला मनुष्य तलावाकडे नातवाच्या दृष्टीने पाहतो, आणि पाच वर्षांचा ठेकेदार पाचव्या वर्षाच्या दृष्टीने पाहतो. मग तो ठेकेदार जन्माने ढिवरच का असेना.

ठेक्याची रक्कम फेडायची तर मासा लवकर वाढला पाहिजे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, आणि रोहू, कटला, मृगळ यांचे बीज मागेल तेवढे मिळू लागले. बाहेरून आणलेले सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरी हे मासेही लवकरच मत्स्यखात्याच्या योजनांत आले. देशाच्या अन्नाच्या दृष्टीने ही मोठी कामगिरी होती आणि तिला मी नावे ठेवीत नाही. पण गवत्या मासा नावाप्रमाणे पाण्यातील गवत खातो, आणि मरळीचे बाळंतपण त्याच गवतात होत असे. शिवाय बीज सोडलेल्या तलावात मरळ म्हणजे बीज खाणारा शत्रू. तेव्हा जी मासळी आपोआप पिकत होती ती आता तण ठरली. दरम्यान सुती जाळी जाऊन नायलॉनची आली, आणि या नायलॉनच्या सुतावर अनुदान देण्याची योजना सरकारचीच होती. आज ज्या बारीक जाळ्याचा मुद्देमाल म्हणून उल्लेख होतो, ते असे आरोपीच्या हाती दिले गेले.

ज्याच्या ताटात मासा त्याच्या माथी दोष, हे सूत्र वरवर पाहता निर्विवाद वाटते, आणि राष्ट्राराष्ट्रांच्या भक्षणाचे दरडोई तक्ते याच सूत्रावर रचलेले असतात. भंडाऱ्याचा तलाव हे सूत्र मान्य करीत नाही. आश्विन-कार्तिकात धानासाठी तलावाचे दार उघडते आणि पाणी नहरांनी बांध्यांत जाते. तलाव गाळाने उथळ झालेला असला, म्हणजे माघ-फाल्गुनात तळाशी डबके उरते, आणि त्याच्या कडेची उघडी पडलेली जमीन गाळपेऱ्यासाठी नांगरली जाते. बांध्यांतून परतणाऱ्या पाण्याबरोबर युरिया येतो, कीटकनाशके येतात. जो सद्गृहस्थ आयुष्यात माशाला शिवला नाही, ज्याच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, त्याच्या ताटातल्या पांढऱ्याशुभ्र भाताने तलावातला मासा संपविण्यास हातभार लावलेला असतो. पण कोणत्याही मत्स्यभक्षणाच्या तक्त्यात त्याचे नाव शून्यापुढे लिहिले जाईल. धान पिकवू नये असे मला म्हणायचे नाही, तलाव धानासाठीच बांधले गेले आहेत. जुन्या काळी गाळ निघत असे, म्हणून दोघांनाही पुरत असे, एवढेच.

हे केवळ आमच्या खेड्यांतच घडते असे नाही. १९७० च्या सुमारास जगात सर्वाधिक मासे पकडणारे राष्ट्र पेरू हे होते. एका वर्षात सव्वा कोटी टनांच्या घरात, आणि त्यांतला बहुतेक भाग अँकोव्हेटा नावाचा बोटभर मासा. पेरूचे लोक तेवढे मासे खात होते काय? त्या माशाची पूड होऊन ती युरोप-अमेरिकेतील कोंबड्यांना आणि डुकरांना घातली जात होती. १९७२ साली एल् निनोचा तडाखा बसला आणि आधीच ओरबाडलेला तो साठा कोसळला. पकडीच्या तक्त्यात पेरू गुन्हेगार, भक्षणाच्या तक्त्यात पेरू निर्दोष, आणि ज्या माणसाने सकाळी न्याहारीला अंडे खाल्ले तो दोन्ही तक्त्यांत नाही.

परक्याचे नाव घेण्यात जी सोय असते, तिचा धडा न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याइतका कोणी कडवटपणे गिरविला नसेल. तेथील कॉड मासळीवर स्पेन, पोर्तुगाल, सोव्हिएत रशिया आदी देशांची अजस्र जहाजे तुटून पडली होती; १९६८ साली पकड आठ लाख टनांवर गेली. कॅनडाने फिर्याद केली, आणि फिर्याद खरी होती. १९७७ साली दोनशे सागरी मैलांची हद्द जाहीर होऊन परकी जहाजे बहुतांशी बाहेर गेली. मग कॅनडाने स्वतःचे मोठे ट्रॉलर बांधले, साठ्याचे अंदाज फुगवून धरले, किनाऱ्यावरचे लहान होडीवाले मासा लहान होत चालला असे सांगत राहिले ते मनावर घेतले नाही, आणि २ जुलै १९९२ रोजी सरकारला कॉडची मासेमारीच बंद करावी लागली. हजारो कुटुंबांची उपजीविका एका फर्मानाने बुडाली. तीन वर्षांनी कॅनडाने ‘एस्ताई’ नावाचे स्पॅनिश जहाज बंदुकीच्या धाकाने पकडून आणले, तेव्हा बंदरात मोठा जयघोष झाला. मोठ्या होड्यांवर रोष ठेवणारे आपले सिंधुदुर्गातले पारंपरिक मच्छीमार कर्नाटकातल्या मालपेच्या ट्रॉलरांविरुद्ध जी तक्रार करतात, ती मला खोटी वाटत नाही. पण मालपेची जहाजे परत गेली म्हणजे स्वतःच्या बंदरातले पर्ससीन जाळे कोणाकडे बोट दाखवील, हा प्रश्न न्यूफाउंडलंडने विचारून ठेवलेला आहे.

आज आरोपीच्या पिंजऱ्यात चीन आहे, आणि त्याला तेथे उभे करण्यास कारणे आहेत: दूरच्या समुद्रांत वावरणारा एवढा मोठा ताफा दुसऱ्या कोणाचाही नाही, आणि त्यामागे सरकारी पैसा आहे. परंतु चीनमध्ये जाणारा मासा सगळा चीनमध्येच राहत नाही. तेथे सोलून, कापून, गोठवून तो पुन्हा युरोप-अमेरिकेच्या बाजारात जातो. आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर परवान्याने मासे धरण्याचे करार युरोपने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनच करून ठेवले होते. १७ जून २०२२ रोजी जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेने मत्स्यव्यवसायाच्या अनुदानांवर करार मंजूर केला, तो १५ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. त्याच्या वाटाघाटींत भारताने असे म्हटले की ज्यांनी अनुदानाच्या बळावर दूरचे समुद्र उपसले त्यांनी आधी हात आवरावा, आणि विकसनशील देशांच्या लहान मच्छीमारांना २५ वर्षांची मुदत मिळावी. ही भूमिका मला मूलतः न्याय्य वाटते. मात्र तीच ऐकताना मनात येते, की जिनिव्हात लहान मच्छीमाराचे वकीलपत्र घेणाऱ्या आमच्या राष्ट्राने पवनीच्या आणि लाखांदूरच्या लहान मच्छीमारास आपल्या घरात कोणता न्याय दिला? राष्ट्र हे फार मोठे नाव आहे. आरोप करताना त्याच्या आड ताफ्याचा मालक लपतो आणि बचाव करताना त्याच्या पुढे होडीवाला उभा केला जातो.

पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे वैनगंगेवर जे धरण झाले, त्याची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. या धरणाचे फुगलेले पाणी आता भंडारा शहरापर्यंत येते. बुडालेल्या शेताला सातबारा होता, म्हणून त्याचा मोबदला तरी ठरला. नदीच्या डोहावर पिढ्यांची वहिवाट असलेल्या कुटुंबाला दाखविण्यास कागद नव्हता, कारण नदीचा सातबारा निघत नाही. त्याच जलाशयात नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे येऊन पडते. पाण्यावर जलपर्णीचे गालिचे पसरतात, उन्हाळ्यात वास येतो. नागपूरच्या रहिवाशाने मासा खाल्ला की नाही, हे येथे अप्रस्तुतच आहे. त्याने सकाळी स्नान केले एवढे पुरे आहे.

एवढे सगळे म्हटल्यावर ढिवर निर्दोष आहेत असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो मी आवरतो. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावणारे हात त्यांचेही आहेत. पाण्यात औषध टाकण्याचे, विजेची तार सोडण्याचे प्रकार होतात, आणि ते करणारे सगळेच बाहेरचे नसतात. पण दोषाची वाटणी करताना कोणी किती घेतले एवढेच विचारून चालत नाही. थांबविण्याची सत्ता कोणाच्या हाती होती आणि थांबल्यावर उपाशी कोण राहणार होते, हेही त्याच कागदावर लिहावे लागते. ज्याच्या नावावर तलाव आहे, ज्याने पट्ट्याची मुदत ठरविली, ज्याने बीज पुरविले, सूत दिले, सांडपाणी सोडले, त्याचा रकाना कोरा ठेवून जाळेवाल्याच्या रकान्यात शंभर टक्के लिहिणारा पंचनामा कोणत्याही चावडीवर टिकू नये.

जुन्या भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, आता गोंदियात गेलेल्या अर्जुनी मोरगावच्या बाजूस, गेल्या काही वर्षांत ढिवर स्त्रीपुरुषांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साहाय्याने काही तलावांत एक निराळेच काम आरंभिले. तलावाच्या कडेने माजलेली बेशरमीची झुडपे मुळासकट उपटायची, उन्हाळ्यात कोरड्या तळाची मशागत करायची, आणि पावसाळ्यात दुसऱ्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पतींची रोपे, धानाचे पऱ्हे लावावेत तशी, चिखलात हाताने लावायची. शेतीत जे तण म्हणून उपटतात ते येथे पीक म्हणून रोवायचे. आसरा मिळाला तसे देशी मासे परतू लागले, आणि त्यांच्या मागोमाग पाणपक्षीही. रोपे लावणाऱ्या बायकांनी हे ज्ञान सासूकडून, आईकडून ऐकलेले होते. ते कोणत्याही अहवालात नव्हते.

मृग संपून आर्द्रा लागतात, पहिला मोठा पूर येतो, आणि त्या रात्री चुलबंदच्या काठच्या गावांत कोणी झोपत नाही. मासा चढणीला लागलेला असतो. सांडव्याच्या खळखळाटात, बांध्यांच्या वाफ्यांत, नहराच्या तोंडाशी अंड्यांनी पोट फुगलेले मासे चार बोटे पाण्यातून पाठ काढून वर सरकत असतात, आणि बॅटऱ्या, टोपल्या, छत्र्या, धोतराचे सोगे घेऊन अवघे गाव त्यांच्यावर धावते: ढिवर, कोहळी, गोंड, शाळेचे मास्तर, सुट्टीवर आलेले नागपूरकर. लहानपणी अशा एका रात्री मीही टोपली धरून उभा होतो. भरलेल्या गाबोळीचा तो मासा दुसऱ्या दिवशी आमच्या घरी शिजला, शेजारी वाटला गेला. आणि त्याच आठवड्यात गावात कोणीतरी म्हणाले की ढिवरांमुळे तलावात मासा राहिला नाही, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.